वैनगंगेच्या मुलखावर डलहौसीची सही

नागपूरहून पूर्वेला निघालेला महामार्ग मौदा मागे टाकतो, भंडाऱ्याजवळ वैनगंगा ओलांडतो आणि लाखनी, साकोली, देवरी करत रायपूरकडे जातो. आज त्यावर रात्रंदिवस ट्रकची रांग असते. इंग्रजी अमदानीत हाच ‘ग्रेट ईस्टर्न रोड’. मुंबई आणि कलकत्ता या कंपनी सरकारच्या दोन राजधान्यांमधली सरळ वाट नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातून जात होती. ही गोष्ट एका स्कॉटिश उमरावाच्या नजरेतून सुटली नाही. २८ जानेवारी १८५४ रोजी त्याने कलकत्त्यात एक लांबलचक टिपण लिहिले. नागपूरचे राज्य घेतले तर इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेल, निजामाचा मुलूख चारही बाजूंनी इंग्रजी हद्दीत कोंडला जाईल आणि मुंबई-कलकत्ता वाट जवळजवळ संपूर्ण आपल्या ताब्यात येईल, असे तीन फायदे त्यात मांडलेले आहेत. राज्याचा आकडाही त्याने दिला: ८०,००० चौरस मैल, ४० लाख रुपये वसूल, ४० लाखांवर रयत. त्या रयतेत वैनगंगेकाठचा भंडारकर शेतकरीही होता. आपल्यावर कोणी राज्य करावे हे त्याला कोणी विचारले नव्हते, आणि असे काही लिहिले गेल्याची त्याला खबरही नव्हती.

हा उमराव म्हणजे जेम्स अँड्र्यू ब्राउन-रॅमसे, डलहौसीचा दहावा अर्ल आणि पहिला मार्क्विस. आपल्याकडे तो शाळेच्या पुस्तकातल्या ‘खालसा धोरण’ या एका धड्यापुरता उरला आहे. सातारा, झाशी, नागपूर अशी नावे पाठ करायची, सनावळी लिहायची आणि पुढे जायचे. पण ज्याच्या सहीने भंडारा जिल्ह्याचे सरकार बदलले, त्याची पुरी हकीकत या जिल्ह्याला माहीत असावी. मला तरी असे वाटते की ती पुरी वाचली म्हणजे त्याच्यावरचा ठपका पुसट होत नाही, उलट गडद होतो. तो माणूस लाचखाऊ नव्हता, आळशी नव्हता, ऐषारामीही नव्हता. त्याने जे केले ते न्यायाचे समजून, कागदोपत्री तोलूनमापून केले.

रॅमसे हे एडिंबरोच्या दक्षिणेकडचे जुने घराणे. डलहौसी कॅसल हा त्यांचा वाडा. तिथे २२ एप्रिल १८१२ रोजी जेम्सचा जन्म झाला. तो तिसरा मुलगा, पण थोरले दोघे भाऊ आधीच गेल्यामुळे उमरावकी त्याच्याकडे आली. बाप कॅनडाचा गव्हर्नर, पुढे १८२९ ते १८३२ हिंदुस्थानात कंपनीच्या फौजेचा सरसेनापती. कॅनडातले डलहौसी विद्यापीठ या बापाच्या नावाचे, मुलाच्या नव्हे. जेम्सचे शिक्षण हॅरो आणि ऑक्सफर्डला झाले. १८३६ मध्ये त्याने लेडी सुझन हे हिच्याशी लग्न केले. तिचा बाप, ट्वीडेलचा मार्क्विस, पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. १८४५-४६ मध्ये जेम्स विलायतेत व्यापार खात्याचा प्रमुख होता. ती रेल्वेच्या वेडाची वर्षे. कंपन्यांचे शेकडो आराखडे त्याच्या मेजावरून जात, आणि कामाचा डोंगर उपसण्याची सवय त्याला तिथेच लागली. १२ जानेवारी १८४८ रोजी त्याने कलकत्त्यात गव्हर्नर-जनरलची सूत्रे हाती घेतली तेव्हा त्याचे वय पस्तीस होते. इतक्या लहान वयाचा माणूस त्या गादीवर पूर्वी बसला नव्हता.

त्यानंतरच्या आठ वर्षांत त्याने जेवढी कामे उभी केली तेवढी त्याच्याआधी कोणी केली नव्हती, हे मान्य करावेच लागते. पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला धावली ती त्याच्या कारकिर्दीत. तारायंत्र, देशभर अर्ध्या आण्यात जाणारे टपाल, सार्वजनिक बांधकाम खाते, गंगेचा मोठा कालवा, सगळे त्याच काळातले. पंजाब त्यानेच घेतला आणि कोहिनूर हिरा लाहोरहून मुंबईपर्यंत स्वतःच्या अंगावर वागवत आणून विलायतेला रवाना केला. एक माणूस एका हाताने तारेचे खांब रोवत होता आणि दुसऱ्या हाताने राज्ये गुंडाळत होता. त्याच्या मनात या दोन्ही गोष्टी एकच होत्या. चांगला कारभार म्हणजे इंग्रजी कारभार, आणि तो जितक्या लवकर जितक्या लोकांपर्यंत पोचेल तितके बरे, अशी त्याची अढळ समजूत होती.

आता भंडाऱ्याकडे यायचे तर थोडे मागे जावे लागते. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, डिसेंबरात नागपूर पडले आणि अप्पासाहेब भोसल्यांचे राज्य कोलमडले. अप्पासाहेब कैदेतून निसटले, रानोमाळ हिंडले आणि अखेर १८४० मध्ये जोधपुरात वारले. त्यांच्यासाठी १८१८ मध्ये वैनगंगेच्या पूर्वेला कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल उठला. हा कामठा गोंदियाकडचा, छावणीची कामठी वेगळी. कॅप्टन गॉर्डनने कामठ्याचा किल्ला घेतला, चिमणा पटेल पकडला गेला आणि त्याची जमीनदारी दुसऱ्या घराण्याकडे गेली. पुढे हा सारा मुलूख ‘वैनगंगा’ या नावाने इंग्रज अधिकाऱ्यांनीच राजाच्या नावे चालवला. त्याचे मुख्य ठाणे आधी लांजीला होते, ते १८२०-२१ च्या सुमारास भंडाऱ्याला आले. १८३० मध्ये मुलूख राजाला परत मिळाला, तरी ठाणे भंडाऱ्यालाच राहिले. जिल्ह्याचे गाव म्हणून भंडाऱ्याचा जन्म असा भोसल्यांच्या उतरत्या काळातला, डलहौसीच्या आधीचा आहे.

राजा कोण होता? तिसरा रघूजी. सगळ्या वादाची मेख इथे आहे. मूळचा तो बाजीबा गुजर, दुसऱ्या रघूजीचा मुलीकडून नातू. १८१८ च्या जूनमध्ये कंपनीच्याच संमतीने त्याला भोसले घराण्यात दत्तक घेतले गेले आणि लहान वयात गादीवर बसवले. म्हणजे दत्तकाला नागपूरची गादी मिळू शकते, हे कंपनीने स्वतःच्या हाताने सिद्ध करून ठेवले होते. पुढे १८२६ चा तह याच राजाशी झाला.

तिसरा रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी वारला. मुलगा नव्हता. दत्तकाची गोष्ट त्याने हयातीत पुढे ढकलली होती, असे रेसिडेंट मॅन्सेलने कळवले. वाड्यात त्या वेळी सगळ्यांत वडीलधारी होती बांकाबाई, दुसऱ्या रघूजीची विधवा, अनेक राजवटी पाहिलेली म्हातारी. नात्यातल्या अहेरराव घराण्यातला मुलगा यशवंतराव याने राजाची उत्तरक्रिया केली. राण्यांनी त्याला दत्तक घेतले, नाव जानोजी ठेवले. महाराष्ट्राच्या रिवाजात विधवेने दत्तक घेणे ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती. घर चालावे, पिंड पडावा, दिवा लागावा यासाठी पाटलाच्या वाड्यापासून राजाच्या वाड्यापर्यंत हेच होत आले होते. झाशीचे गंगाधरराव तीनच आठवड्यांपूर्वी, २१ नोव्हेंबरला वारले होते. तिथेही दत्तकविधान झाले होते आणि तिथलाही कागद कलकत्त्याच्या वाटेवर होता.

राजा गेल्याची बातमी कलकत्त्यात पोचली तेव्हा डलहौसी ब्रह्मदेशात पेगूकडे होता. त्याच वर्षी ६ मे रोजी त्याची बायको विलायतेच्या वाटेवर बोटीतच वारली होती. मागे दोन मुली, मुलगा नाही. स्वतःच्या पायाच्या हाडाला दुखणे जडलेले. अशा अवस्थेत परत येऊन त्याने नागपूरचा कागद हाती घेतला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: १८१७ च्या लढाईने नागपूरचे राज्य आमचे झाले, १८१८ मध्ये ते आम्ही एका गुजराला बक्षीस म्हणून दिले, आता त्या गुजराचा वंश नाही, तेव्हा बक्षीस देणाऱ्याकडे परत आले. दत्तक मुलाला राजाची खासगी मिळकत मिळेल, राज्य नाही.

ही कल्पना डलहौसीच्या डोक्यातून निघाली असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते, ते बरोबर नाही. कंपनीच्या संचालकांनी १८३४ मध्येच दत्तकाला मान्यता हा अपवाद समजावा असे ठरवले होते. आंग्ऱ्यांचे कुलाबा संस्थान १८४० च्या सुमारास याच कारणाने गेले, तेव्हा डलहौसी विलायतेत होता. त्याने केले ते एवढेच, की कधीमधी वापरायचे हत्यार रोजच्या कामाला लावले. १८४८ मध्ये सातारा, १८४९ मध्ये संबळपूर. १८५१ मध्ये दुसरा बाजीराव वारल्यावर त्याचे आठ लाखांचे पेन्शन नानासाहेबाला नाकारले. मे १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड घेतला. नकाशा समोर ठेवला की संबळपूर, नागपूर आणि वऱ्हाड एका ओळीत दिसतात. मधला तुकडा तेवढा राहिला होता. भंडारा त्या मधल्या तुकड्यात होता.

त्याच्या कौन्सिलात एका माणसाने याला विरोध केला, आणि तोही स्कॉटिशच. कर्नल जॉन लो. फाइफ परगण्यातला, आयुष्यभर लखनौ, हैदराबाद अशा दरबारांत वावरलेला, पिकल्या वयाचा. वऱ्हाडाचा तह हैदराबादेत रेसिडेंट म्हणून यानेच केला होता, त्यामुळे त्याला मवाळ भावनावादी म्हणायची सोय नव्हती. फेब्रुवारी १८५४ मध्ये त्याने विरोधाचे टिपण लिहिले. राज्ये अशी घेत सुटल्याने देशी लोकांच्या मनात कंपनीच्या शब्दाबद्दल भरवसा राहणार नाही, आपण ज्याला चांगला कारभार म्हणतो त्याच्यासाठी लोक आपले राजे आनंदाने सोडतात हा भ्रम आहे, असा त्याचा रोख होता. त्याचे टिपण फायलीत गेले. १३ मार्च १८५४ रोजी नागपूरचे राज्य खालसा झाले आणि विलायतेच्या सरकारनेही डलहौसीचा निर्णय उचलून धरला. लोचे ऐकले असते तर काय झाले असते याचा तर्क करण्यात अर्थ नाही, पण डलहौसीला हे कोणी सांगितलेच नव्हते, असे म्हणायला जागा राहत नाही. सांगितले होते, त्याच्याच मेजाभोवती, त्याच्याच मुलखाच्या माणसाने.

राज्य गेल्याचे दुःख लोकांनी कदाचित गिळले असते. जे गिळता आले नाही ते वाड्यातल्या लिलावाचे. राजाचे हत्ती, उंट, घोडे, बैल सीताबर्डीच्या बाजारात आणून उभे केले आणि बोली लावून विकले. दसऱ्याच्या स्वारीत ज्या हत्तींना लोकांनी ओवाळले असेल, ते मातीमोलाने गेले. मग वाड्यातले सामान काढायची पाळी आली. बांकाबाईने निरोप पाठवला की सामानाला हात लावाल तर वाड्याला आग लावीन. तरीही सामान निघाले. जवाहीर कलकत्त्याला रवाना झाले आणि हॅमिल्टन आणि कंपनी या पेढीने त्याची विक्री मांडली. कलकत्त्याच्या वर्तमानपत्रांत त्याच्या जाहिराती आल्या. नागपूरच्या राण्यांचे मोत्यांचे हार, शिरपेच, रत्नजडित साज यांच्यासाठी गिऱ्हाईक बोलावणाऱ्या जाहिराती. सरकारी बाजू अशी की हा पैसा घराण्याच्याच निर्वाहासाठी ‘भोसला फंडा’त ठेवला गेला. कागदावर ती बाजू खरीही आहे. पण ज्याच्या घरात सुतक आहे त्याचा संसार रस्त्यावर मांडायचा आणि वर तुमच्याच भल्यासाठी म्हणायचे, याला आपल्याकडे एकच नाव आहे: जप्ती. नागपुरातल्या, भंडाऱ्यातल्या, सगळ्या भोसलाईतल्या लोकांनी ते जप्ती म्हणूनच ओळखले.

त्या वेळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांपैकीही सगळ्यांना हे पचले नाही. मेजर इव्हान्स बेल नागपुरात असिस्टंट कमिशनर होता. भोसले घराण्याची बाजू त्याने इतक्या हट्टाने घेतली की त्याची सरकारशी जुंपली. पुढे विलायतेत जाऊन त्याने १८६४ मध्ये ‘द एम्पायर इन इंडिया’ हे पुस्तक काढले आणि नागपूरचा दत्तक कायद्याने आणि तहाने पक्का कसा होता हे मांडले. त्याच वर्षी जॉन के याने १८५७ च्या बंडाच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात सीताबर्डीचा लिलाव आणि बांकाबाईचा निरोप हे सारे आले, म्हणून आज ते आपल्याला माहीत आहे.

डलहौसी मात्र तोवर जगला नाही. २९ फेब्रुवारी १८५६ रोजी त्याने कॅनिंगच्या हाती कारभार दिला. आदल्याच दिवशी आपल्या आठ वर्षांचा हिशेब देणारे मोठे टिपण त्याने पुरे केले. कलकत्त्याहून निघाला तो कुबड्यांवर. कंपनीने त्याला दरसाल ५,००० पौंडांचे पेन्शन दिले आणि विलायतेत जयजयकार झाला. वर्ष-सव्वा वर्षात मीरत पेटले. कानपूर, लखनौ, झाशी. जी बोटे त्याच्याकडे टाळ्यांसाठी वळली होती तीच आता आरोपासाठी वळली. डलहौसीने जाहीरपणे स्वतःचा बचाव केला नाही. हवापालटासाठी काही काळ माल्टाला राहिला, परतला, आणि १९ डिसेंबर १८६० रोजी डलहौसी कॅसलमध्येच वारला. वय अठ्ठेचाळीस. जवळच्या कॉकपेन गावच्या जुन्या चर्चच्या आवारात घराण्याच्या थडग्यात त्याला पुरले.

मुलगा नसल्याने त्याची मार्क्विस ही पदवी त्याच्याबरोबरच संपली. अर्लकी चुलतभाऊ फॉक्स मॉल याच्याकडे गेली. त्याच्या देशाच्या रिवाजाप्रमाणे हे अगदी रीतसर होते. तिथे पदवी रक्ताने उतरते, दत्तकाने नाही. राजा देतो, वंश संपला की राजाकडे परत जाते. नागपूरच्या कागदावर डलहौसीने जो न्याय लावला तो हाच, त्याच्या घराचा न्याय. वाईट हेतूने नव्हे, पण दुसऱ्याच्या घरात दुसरा न्याय असू शकतो हे त्याला पटले नाही. माझ्या लेखी त्याचा अपराध नेमका एवढा आहे, आणि तो लहान नाही.

त्याचे धोरण तर त्याच्या डोळ्यांदेखत उलटवले गेले. १ नोव्हेंबर १८५८ चा राणीचा जाहीरनामा निघाला, देशी संस्थानिकांचे हक्क राखू म्हणून. पाठोपाठ कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. १८५७ च्या जूनमध्ये नागपुरातही उठावाचा बेत होता, पण तो फुटला. बांकाबाईने घराण्याला त्यातून दूर ठेवले. याच बांकाबाईने वाडा पेटवण्याचा निरोप पाठवला होता, हे लक्षात घेतले तर त्या म्हाताऱ्या बाईने काय काय मनात दाबून ठेवले असेल याची कल्पना येते. १८५८ मध्ये ती गेली. तिच्या या वागणुकीची दखल म्हणून कॅनिंगने जानोजीचे दत्तकपण मानले आणि त्याला ‘देऊरचे राजे बहादूर’ अशी पदवी दिली. देऊर हे सातारा जिल्ह्यातले भोसल्यांचे मूळ वतनाचे गाव. मुलगा घराण्याचा वारस आहे हे सरकारने सात-आठ वर्षांत कबूल केले, पण राज्य परत आले नाही. शेजारच्या चांद्याकडे बाबूराव शेडमाके १८५८ मध्ये लढला आणि त्याच ऑक्टोबरात फासावर गेला. भंडाऱ्यात तसा मोठा उठाव झाला नाही.

डलहौसीच्या मृत्यूनंतरचे त्याचे आयुष्य जवळजवळ जिवंतपणीच्या आयुष्याइतकेच वादळी आहे. त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते की आपली खासगी कागदपत्रे पन्नास वर्षे प्रसिद्ध करू नयेत. त्यामुळे त्याच्या बाजूने बोलायला त्याचे स्वतःचे शब्दच उपलब्ध नव्हते आणि भांडण दुसऱ्यांनी चालवले. पहिला लिहिणारा निघाला पुण्यातून. डेक्कन कॉलेजचा प्रिन्सिपल एडविन आर्नल्ड, पुढे बुद्धावरील काव्यामुळे जगप्रसिद्ध झालेला. त्याने १८६२ आणि १८६५ मध्ये दोन खंडांत डलहौसीच्या कारभाराचा इतिहास लिहिला. १८६५ मध्येच चार्ल्स जॅक्सनने समर्थनाचा ग्रंथ काढला, आर्गाइलच्या ड्यूकने, हाही स्कॉटिश उमराव, आणखी एक. समोरच्या बाजूला बेल आणि के. १८९० मध्ये हंटरने त्याचे छोटे चरित्र लिहिले, १९०४ मध्ये ली-वॉर्नरने मोठे. पन्नास वर्षांची मुदत संपता संपता, १९१० मध्ये त्याची खासगी पत्रे छापली गेली. त्याच्या आदल्याच वर्षी सावरकरांचे सत्तावनच्या स्वातंत्र्यसमराचे पुस्तक निघाले होते. त्यानंतर आपल्याकडे डलहौसी म्हटले की कोणती प्रतिमा उभी राहणार, हे ठरूनच गेले.

त्याच्या नावाच्या खुणाही एकेक करून गेल्या. कलकत्त्याच्या डलहौसी स्क्वेअरला विनय-बादल-दिनेश बाग म्हणतात. १९३० मध्ये रायटर्स बिल्डिंगमध्ये शिरून गोळ्या झाडणाऱ्या तीन तरुणांची ती नावे. दिल्लीतला डलहौसी रोड २०१७ मध्ये दारा शुकोह रोड झाला. हिमाचलातले थंड हवेचे ठिकाण तेवढे त्याचे नाव धरून आहे. आणि महाराष्ट्रात? महाराष्ट्रात त्याचे नाव नाही, पण त्याच्या जावयाचे आहे, ठळक अक्षरांत. धाकटी मुलगी एडिथ हिचे लग्न १८५९ मध्ये सर जेम्स फर्ग्युसन या स्कॉटिश बॅरोनेटशी झाले. ती १८७१ मध्ये ऑस्ट्रेलियात वारली. फर्ग्युसन १८८० ते १८८५ मुंबईचा गव्हर्नर होता, आणि टिळक-आगरकरांच्या मंडळींनी १८८५ मध्ये पुण्यात काढलेल्या कॉलेजला त्याचे नाव दिले. झाशी आणि नागपूर बुडवणाऱ्या माणसाच्या जावयाचे नाव मराठी बुद्धिजीवी वर्ग सव्वाशेहून अधिक वर्षे मायेने घेतो आहे. यात कोणाला कमीपणा नाही. इतिहासात नावे कोणत्या वाटेने टिकतात आणि कोणत्या वाटेने पुसली जातात, हे पाहण्यासारखे आहे एवढेच.

भंडाऱ्यात डलहौसीच्या नावाचा चौक नाही, पुतळा नाही. पण त्या सहीचे परिणाम जिल्ह्याच्या जमिनीत आहेत. खालसा झाल्यावर डेप्युटी कमिशनर आला, १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला, १८६७ मध्ये लांजीकडचा भाग तोडून बालाघाट जिल्ह्यात घातला गेला. सगळ्यांत खोल बदल मालगुजारीचा. भोसल्यांच्या काळात गावचा पाटील वसुलीचा मक्तेदार असे. त्याला रयतेकडून गोळा करून सरकारात भरायचे असे, जमीन त्याची नसे. इंग्रजी बंदोबस्तात १८६० च्या दशकात त्याला गावाची मालकीच दिली आणि पाटलाचा मालगुजार झाला. रयत तीच, शिवार तेच, पण नाते बदलले. कूळ आणि मालक ही जोडी भंडाऱ्याच्या गावागावांत अशी घट्ट झाली. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी गोंड राजांच्या काळापासून बांधलेले तलाव या मालगुजारांच्या हाती गेले. पाळ बांधायची, गाळ काढायचा, पाणी वाटायचे ते त्यांच्या देखरेखीखाली. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. सरकारदरबारी त्यांचे नाव झाले ‘माजी मालगुजारी तलाव’, आपल्या तोंडचे ‘मामा तलाव’. मालकी एकाकडे, गरज दुसऱ्याकडे, आणि पाळीवर झुडपे. आज गाळ काढण्याच्या योजना येतात-जातात, पण त्या तलावांच्या दुरवस्थेचा एक धागा १८५४ पर्यंत मागे जातो.

आगगाडीही आली, पण डलहौसीच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने. नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग १८८० च्या आसपास जिल्ह्यातून गेला. भंडारा गाव त्यावर आलेच नाही. स्टेशन झाले वरठीला, नाव ‘भंडारा रोड’. तुमसरकडच्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गचे मँगनीज या लोहमार्गाने बाहेर जाऊ लागले. डलहौसीच्या बाजूचे लोक म्हणतात, हे सारे त्याच्यामुळे. म्हणोत. रेल्वे म्हैसूर, बडोदे, ग्वाल्हेरच्या मुलखातही गेली, तिथले राजे गादीवर असताना. लोहमार्गासाठी दत्तक मोडायची गरज नव्हती.

आता एक विनंती. या सगळ्या हकीकतीत डलहौसीची बाजू जपली गेली आहे. त्याची टिपणे, पत्रे, बायकोच्या मृत्यूनंतरची दुःखाची ओळ न् ओळ एडिंबरोच्या दप्तरखान्यात नीट खोक्यांत घालून, यादी करून ठेवलेली आहे. आपली बाजू कुठे आहे? भंडारा, पवनी, तुमसर, साकोली, लाखांदूरकडच्या जुन्या वाड्यांत भोसल्यांच्या सनदा, पट्टे, वहिवाटीचे कागद, तलावाच्या पाणीवाटपाच्या याद्या, मालगुजारीचे जमाखर्च अजून असतील. बहुतेक मोडीत. म्हणून कोणी वाचत नाही, आणि कोणी वाचत नाही म्हणून दिवाळीच्या सफाईत ते चुलीत किंवा रद्दीत जातात. असा एखादा बस्ता आपल्या घरात असेल तर तो जाळू नका, विकू नका. कोरड्या जागी ठेवा, पानापानाचे फोटो काढा, आणि नागपूरच्या पुराभिलेखागारात किंवा मोडी जाणणाऱ्या जवळच्या अभ्यासकाकडे दाखवा. डलहौसीची सही इंग्रजीत आहे आणि ती सुरक्षित आहे. तिच्याखाली ज्यांची गावे आली, त्यांचे मोडीतले कागद सांभाळणे हे आता भंडाऱ्याच्या लोकांचेच काम आहे.